सासरेबुवांचं झाड आणि सात वाजताचा अहवाल

झाडाबरोबर एक कागद आला होता. रेघांचा, मधोमध घडी घातलेला, आणि वर लाल शाईत मथळा : ‘सूचना. नीट वाचाव्यात.’ माझे सासरे छत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे ‘नीट वाचाव्यात’ हे ते कुणालाही लिहितात, दूधवाल्यालासुद्धा. पण मला लिहिताना ते शब्द दोनदा अधोरेखित करतात, हे मी गेली सव्वीस वर्षं पाहतो आहे.

कागदावर सहा कलमं होती. एक, सकाळचं ऊन चार तास. दोन, पाणी फक्त डिस्टिल्ड. नळाचं नाही, नाही, नाही. तीन, खत घालू नये. चार, खायला काही देऊ नये. ते आपलं आपण पाहून घेतं. पाच, जबड्यात बोट किंवा काडी घालून खेळू नये. सहा, रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर स्थिती कळवावी.

पुढच्या काही आठवड्यांत मी पहिली पाच कलमं मोडली आणि सहावं मात्र एक दिवसही न चुकता पाळलं. सगळा घोटाळा त्या सहाव्यामुळे झाला.

झाड म्हणजे काय, तर चहाच्या कपाएवढ्या कुंडीत वीतभरही नसलेला एक हिरवा घोळका. प्रत्येक पानाच्या टोकाला एक उघडा जबडा, जबड्याला पापण्यांसारखे काटे, आणि आत तांबूस रंग. माशी आत बसली की जबडा मिटतो आणि आठ-दहा दिवस उघडत नाही. शाळेने प्रयोगशाळा बंद करून तिथे संगणक मांडले तेव्हा सगळं भंगारात गेलं, आणि सासरेबुवा ही एक कुंडी छातीशी धरून घरी आले. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या घरात जिवंत असं हे दोघंच होते, ते आणि झाड.

आता त्यांच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. मोठं इस्पितळ दुसऱ्या गावी, माझ्या मेहुणीकडे. आधी एक डोळा, मग दुसरा, म्हणजे दोन-अडीच महिन्यांचा मुक्काम. मेहुणीच्या घरी मांजर आहे, म्हणून झाड आमच्याकडे. खरं सांगायचं तर, मांजर नसतं तर झाड माझ्या हाती आलं नसतं, हे मला माहीत होतं. तरीही कुंडी माझ्या हातात देताना ते म्हणाले, “जावईबापू, तुमच्यावर सोपवतोय.” सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं. मुलगीसुद्धा त्यांनी दिली ती ‘तिचीच इच्छा आहे तर’ असं म्हणून.

तर मी कागद नीट वाचला. आणि दुसऱ्या कलमावर अडलो.

मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. एकोणतीस वर्षं दर सोमवारी ‘शहरास पुरविण्यात येणारे पाणी सर्व दृष्टीने योग्य आहे’ असा अहवाल मी टंकतो, साहेब सही करतात आणि तो वर जातो. नऊ लाख माणसं ते पाणी पितात, आंघोळी करतात, तान्ह्या बाळांना पाजतात. आणि चहाच्या कपाएवढ्या कुंडीतलं एक झाड म्हणणार, मला हे चालत नाही! बरं, एकदा ‘नाही’ लिहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. तीन वेळा ‘नाही’ हा खात्याचा अपमान होता.

“ते लिहिलंय तसं करा ना,” बायको म्हणाली.

“तुझ्या बाबांना आमच्या खात्याबद्दल पहिल्यापासून आकस आहे.”

“आकस तुमच्या खात्याबद्दल नाहीये,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी झाडाला आमच्या खात्याचं पाणी घातलं. नुसतं घातलं नाही, तर ताजं, नळ दोन मिनिटं सोडून, गार करून घातलं. शिवाय त्याला जरा ताकद यावी म्हणून गुलाबाच्या खताची अर्धा चमचा पूड दिली. चौथं कलम वरच्या मजल्यावरच्या विमावाल्या काकांमुळे मोडलं. हे काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत आणि सल्ला देण्याचा हप्ता अजून रोज भरतात. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, चष्मा वर केला, आणि म्हणाले, “उपाशी दिसतंय हो. घरात माशा आहेत का तुमच्या?”

“नाहीत,” मी अभिमानाने म्हणालो.

“मग खाणार काय बिचारं? चीज घाला. प्रथिनं महत्त्वाची.”

मी चीजचा बारीक तुकडा घातला. जबडा मिटेना, म्हणून काडीने डिवचला. असं पाचवंही झालं. उन्हाचं म्हणाल, तर सकाळी ऊन येतं त्या खिडकीत बायकोचे धुतलेले स्वेटर वाळत होते.

पहिले दहा-बारा दिवस अहवाल खरे होते. बरोबर सातला मी फोन लावायचो, मेहुणी तो बाबांच्या कानाशी धरायची. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात आणि तो जागेवर राहावा म्हणून रोग्याने दिवसरात्र मान खाली घालून पालथं पडायचं असतं. बघायचं काही नाही, वाचायचं काही नाही, समोर फक्त उशी. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना माना खाली घालून उभं केलं, त्याला तीन आठवडे तसं पडून राहणं किती जड गेलं असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला तेव्हा एवढंच वाटलं की आवाज जरा दबका येतोय.

“बोला. जबडे किती?”

“नऊ, बाबा.”

“उघडे?”

“सात.”

“रंग?”

“तांबूस.”

“छान. उद्या बोलू.”

तेराव्या दिवशी चीजवाला जबडा काळा पडला आणि त्याला वास यायला लागला. चौदाव्या दिवशी आणखी दोन गेले. त्या दिवशी सातला ‘उघडे किती’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून एकोणतीस वर्षांची सवय बोलली. मी म्हणालो, “बाबा, परिस्थिती नियंत्रणात आहे.”

तिकडून लगेच प्रश्न आला. “म्हणजे किती?”

“सात,” मी म्हणालो.

ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही, पण खोटा अहवाल एकदा लिहिला की दुसरा आपोआप लिहावा लागतो, कारण त्यात ‘मागील अहवालाच्या अनुषंगाने’ असं म्हणायचं असतं. सातचे साडेसहा करता येत नाहीत. उलट, प्रगती दाखवावी लागते. तीन आठवड्यांत त्या कुंडीत सगळे जबडे मऊ पडून काळपट झाले होते आणि फोनवर अकरा जबडे होते.

मग मी झाड वाचवायला निघालो. विमावाले काका म्हणाले, “फांदी कापून लावतात ना लोक, तसं पान कापून लावा. कात्री माझ्याकडे आहे, नवी आहे.” बुडाशी अजून जरा हिरवी अशी सात पानं उरली होती. त्यांतली तीन मी काकांच्या नव्या कात्रीने, फीत कापावी तशी कापली आणि ओल्या मातीत खोचली. आठवड्यात तिन्ही पानं कुजली.

त्या दिवशी मी तो सूचनांचा कागद रागाने फाडायला घेतला. फाडताना तो हातात उलटा झाला. मागेही लिहिलेलं होतं. खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘मागे पाहा’ होतं, ते मी पाहिलंच नव्हतं. एकोणतीस वर्षं मी लोकांचे अर्ज ‘मागील बाजू भरलेली नाही’ म्हणून परत पाठवतो आहे.

मागचा मथळा होता : ‘झाड मरू लागल्यास.’

आधी मला संताप आला. म्हणजे कुंडी सोपवतानाच यांना खात्री होती! मग मी पुढे वाचलं. ‘पान कापू नये. बुडाशी धरून हळूच खाली ओढावं, तळाचा पांढरा भाग पानासकट आला पाहिजे. तो भाग हाच जीव. ओल्या शेवाळावर आडवं ठेवावं, झाकणाच्या डब्यात, उजेडात. पाणी डिस्टिल्डच. पाच ते दहा आठवडे. बहुतेक पानं कुजतात. घाबरू नये.’

त्या शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ नव्हती. ते सूचनेसारखे वाटले नाहीत. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

चार पानं उरली होती. ती मी तळाच्या पांढऱ्या भागासकट ओढली. ओढताना मी जितकं जपून काम केलं तितकं साहेबांच्या सहीचा शिक्का मारताना कधी केलं नव्हतं. बायकोचा स्वेटर ठेवायचा पारदर्शक डबा घेतला. शेवाळ रोपवाटिकेतून आणलं. राहिलं पाणी.

डिस्टिल्ड पाणी आमच्याच खात्याच्या प्रयोगशाळेत बरण्या भरभरून तयार होतं. मी केमिस्टबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “दोन लिटर ना? काहीच हरकत नाही. मागणीपत्र भरून द्या.” मागणीपत्रात ‘प्रयोजन’ असा रकाना होता. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘घरच्या झाडासाठी’. अलीकडच्या काळात मी लिहिलेलं ते एकमेव खरं वाक्य, आणि त्यानेच घात केला. कागद साहेबांकडे गेला. चार दिवसांनी मला ज्ञापन आलं : ‘आपल्या खात्यामार्फत पुरविले जाणारे पाणी झाडांसाठी अयोग्य आहे असे आपले मत आहे काय? असल्यास कोणत्या आधारे? नसल्यास डिस्टिल्ड पाण्याची मागणी का केली? सात दिवसांत, तीन प्रतींत खुलासा करावा.’

मी साहेबांच्या खोलीत उभा राहिलो.

“अहो, तुम्हीच दर सोमवारी अहवाल टंकता,” साहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. “निदान तुमचा तरी त्यावर विश्वास असायला हवा.”

“विश्वास आहे, साहेब. झाडाचा नाहीये.”

“मग झाड बदला.”

खुलासा मी तीन प्रतींत दिला. त्यात ‘सदर झाड परदेशी असल्याने त्यास स्थानिक पाण्याची सवय नाही’ असं लिहिलं. साहेबांना ते पटलं, पण पाणी नामंजूर झालं. जाता जाता केमिस्टबाईंनी मला जिन्यात गाठलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि जेवणाच्या पिशवीतून एक बाटली काढून माझ्या हातात दिली. “दर शुक्रवारी नेत जा,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईकडे पण असंच एक नाजूक झाड होतं. आणि कुणाला बोलू नका, घरी मी पाणी गाळूनच पिते.” जगात सज्जन माणसं आहेत, फक्त ती रकान्यांत बसत नाहीत.

एवढ्यात इमारतीत बातमी पसरली होती की आमच्या घरात मांस खाणारं काहीतरी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला पाळीव प्राण्यांचा फॉर्म पाठवला. प्राण्याचे नाव, जात, वय, लसीकरण झाले आहे काय, भुंकतो काय. मी सांगायला गेलो की ते झाड आहे. ते म्हणाले, “झाड असेल तर झाडांचा फॉर्म वेगळा आहे. पण झाडांच्या फॉर्ममध्ये ‘काय खातो’ हा रकाना नाही. म्हणून हाच भरा.” मी भरला. ‘भुंकतो काय’पुढे ‘अद्याप नाही’ लिहिलं. पुढे महिनाभर तळमजल्यावरच्या आजी आमच्या दारावरून नातवाचा हात घट्ट धरून जायच्या.

या सगळ्यात सात वाजायचे राहत नव्हते. आणि एका संध्याकाळी मेहुणीने फोन बाबांच्या कानाशी धरायच्या आधी मला हळू आवाजात सांगितलं, “भाऊजी, दुसऱ्या डोळ्याचं काही बरं दिसत नाही. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीयेत. वॉर्डात ठेवून घेतलंय, आणि बाबांनी दोन दिवस जेवण सोडलंय.”

मग बाबांचा आवाज आला. “आज नको काही सांगू.” ते मला पहिल्यांदाच एकेरीत बोलले होते, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. “जबडे मोजून काय करायचंय.”

माझ्यासमोर मोकळी कुंडी होती. शेजारी डब्यात चार पानं आडवी, एकाच्या टोकाला बुरशी. मी म्हणालो, “बाबा, आज जबड्यांचं नाही. मधून एक दांडा आलाय.”

“काय?”

“दांडा. सरळ वर. टोकाला गाठ आहे.”

“फुलाचा दांडा? किती उंच?”

“दोन बोटं.”

“जाड आहे की बारीक?”

“जाड.”

“गेल्या सहा वर्षांत नाही आला हो,” ते म्हणाले. आवाज उशीतून वर उठल्यासारखा झाला. “ऐका, लोक तो कापून टाकतात, झाड थकतं म्हणून. तुम्ही कापू नका. पांढरं फूल येतं, पाच पाकळ्या. मला बघायचंय. मी येईपर्यंत असू दे.”

त्या संध्याकाळी ते जेवले. मेहुणीने मुद्दाम कळवलं. बायकोने ते मला सांगितलं आणि मग रिकाम्या कुंडीकडे पाहून म्हणाली, “अहो, तुम्ही काय करून बसलात?” मी म्हणालो, “जेवले ना?” तिने स्वेटरच्या डब्याचं झाकण पुसलं, त्यावर वाफ धरली होती.

पुढे तो दांडा रोज वाढला. मी स्वयंपाकघरातली पट्टी समोर ठेवून बोलायचो, म्हणजे मागचापुढचा मेळ राहायचा. कळ्या चार झाल्या. मी त्या फुलू देत नव्हतो, कारण फुलल्या की कोमेजणार आणि बाबा यायच्या आत संपणार. कळी थोपवून धरण्याचे इतके प्रकार मी शोधून काढले की एखाद्या खात्याला रस्ता थोपवायला पुरले असते. थंडी पडली, ढग आहेत, झाड विचार करतंय. ते ऐकून तिकडून बाबा हसायचे. ते हसतात हे मला माहीत नव्हतं.

आणि इकडे डब्यात ओढलेली चार पानं. झाड आल्यापासूनच्या पाचव्या आठवड्यात एक गेलं. सातव्यात दोन. राहिलेलं एक पान पिवळं पडलं, मग तपकिरी. मी रोज झाकण उघडून भिंगातून बघायचो आणि परत लावायचो. त्या पानाने काहीतरी केलं पाहिजे, असं मला फार वाटायचं. मी आयुष्यात कुणाला इतक्या मनापासून विनवलं नसेल. झाड जगलं तर सगळं खोटं थोडंसं तरी खरं ठरेल, असं मी धरून चाललो होतो.

नवव्या आठवड्यात त्या तपकिरी पानाच्या पांढऱ्या बुडाशी एक हिरवा ठिपका दिसला. मी भिंग पुसलं, परत पाहिलं. दहाव्यात त्या ठिपक्याला टोक आलं. दोन दिवसांनी पाहिलं तर टोकाला तिळाएवढा जबडा होता. उघडा. मी बायकोला हाक मारली आणि आम्ही दोघं एकदम डब्यावर वाकताना डोक्याला डोकं आपटलं.

पण फोनवर मी हे सांगू शकत नव्हतो. फोनवर माझ्याकडे चौदा जबडे आणि वीतभर दांडा होता.

अकराव्या आठवड्यात बाबा आले. मेहुणीने त्यांना हाताला धरून जिना चढवून आणलं. एका डोळ्याने त्यांना उजेड-अंधार कळत होता, दुसऱ्याने सावल्या. “पुढे थोडं सुधारेल कदाचित,” मेहुणी म्हणाली. ‘कदाचित’ हा शब्द अहवालात कधी वापरतात ते मला माहीत आहे.

ते यायच्या आदल्या दिवशी विमावाले काका एक कागदी पुडकं घेऊन आले होते. आत प्लॅस्टिकचं झाड होतं, विमा कंपनीच्या स्वागतकक्षातलं, हिरवंगार, त्यावर पांढरी फुलं. “कुंडीत बसवा,” ते म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नका, पण आता त्यांना काय दिसणार आहे? म्हातारा खुश राहील. तुमचीही अब्रू राहील.” मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. मी चिडलो नाही. ते गेल्यावर मी दार लावलं आणि कुंडीत ते झाड बसवलं. फुलाचा दांडा पट्टीने मोजला. बरोबर आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले. चहा झाला. मग ते म्हणाले, “चला जावईबापू. आता दाखवा.”

मी कुंडी त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवली. त्यांनी मान वाकडी केली, सावलीत काही सापडतंय का पाहिलं. मग हात पुढे केला. बोटं हवेत चाचपत, अगदी सावकाश, दांड्याच्या दिशेने येत होती. दांडा मोडेल म्हणून ते किती जपत होते ते मला दिसलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी त्यांचा हात धरला.

“बाबा, थांबा. हे झाड नाही. प्लॅस्टिक आहे.”

त्यांचा हात माझ्या हातात तसाच राहिला.

“तुमचं झाड गेलं. दुसऱ्याच महिन्यात म्हणजे… त्याच्याही आधी. मी नळाचं पाणी घातलं. खत घातलं. चीज घातलं. मी तुम्हाला रोज खोटं सांगितलं.”

“दांडा?”

“नव्हता.”

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला. मग बाबांनी हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“जबडे मी निम्मेच धरत होतो,” ते म्हणाले. “चौदा होत नाहीत त्या कुंडीत. तुम्ही कारकून माणूस, वाढवून सांगणार, हे गृहीत होतं. पण दांडा मला खरा वाटला. वॉर्डात सगळ्यांना सांगितला मी. शेजारच्या खाटेवरचा माणूस रोज विचारायचा, मास्तर, आज किती झाला. तो दांडा कुंडीतून सरळ वर येतोय असं मी डोळे मिटून बघायचो. तेवढंच दिसत होतं मला.”

बोललो असतो तर रडलो असतो, आणि सासऱ्यांसमोर रडायची आमच्यात सवय नाही.

“कागदाची मागची बाजू वाचलीत?” त्यांनी विचारलं.

“उशिरा.”

“पानं ओढलीत की कापलीत?”

“आधी तीन कापली.”

“कुजली असतील.”

“हो. मग चार ओढली. तीन गेली.”

“आणि एक?”

बायको आत गेली आणि डबा घेऊन आली. तिने झाकण काढून तो त्यांच्या मांडीवर ठेवला. मी त्यांचं बोट धरून त्या तपकिरी पानाच्या बुडाशी नेलं, अगदी वरच्यावर, टेकेल न टेकेल असं. त्यांच्या बोटाचं टोक तिथे थांबलं.

“लागत नाही हाताला काही.”

“फार बारीक आहे, बाबा. तिळाएवढा एक जबडा. उघडा आहे. दोन पानं, दुसरं अजून टाचणीच्या डोक्याएवढं.”

“तुम्हाला दिसतंय?”

“हो.”

“चष्मा लावून पाहताय?”

मी चष्मा लावला. “हो. रंग फिका हिरवा. काटे अजून मोजता येत नाहीत.”

“नसतीलच मोजता येत,” ते म्हणाले. त्यांनी बोट हळूच मागे घेतलं. “फूल यायला तीन-चार वर्षं लागतील. मला माहीत नाही तोपर्यंत…” तिथे ते थांबले आणि बायकोला म्हणाले, “हे प्लॅस्टिक तेवढं ने इथून.”

बाबा आता आमच्याकडेच राहतात, आतल्या खोलीत, सकाळचं ऊन येतं तिथे. स्वेटर दुसरीकडे वाळतात. केमिस्टबाई शुक्रवारी बाटली देतात. आणि संध्याकाळी सात वाजता मी भिंग घेऊन डब्यापाशी जातो, पाहतो, आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहतो, वही घेऊन, कारण ते म्हणाले, लेखी पाहिजे.

पहिल्या दिवशी मी बराच वेळ पाहिलं. काहीच झालं नव्हतं. तोच तीळ, तेच टाचणीचं डोकं. एकोणतीस वर्षांत मी असा अहवाल कधी केला नव्हता. मला वाटत राहिलं, निदान ‘समाधानकारक’ तरी म्हणावं.

“बोला,” आतून आवाज आला.

“बाबा, आज काही बदल नाही.”

ते म्हणाले, “बरं. तसंच लिहा.”